गाडीची भरती पाहून मागितलेली मुलगी

सुरतेत मी ट्रान्सपोर्ट कंपनीत होते असं सांगितलं की लोक आधी माझ्या हातांकडे बघतात. ट्रक चालवणारी बाई कशी दिसते ते त्यांना पाहायचं असतं. मी ट्रक चालवला नाही. खरं तर आमच्या कंपनीकडे ट्रकच नव्हता. पाटीवर दोन ट्रक समोरासमोर रंगवले होते, तेवढेच आमच्या मालकीचे. बाकी कंपनी म्हणजे रिंग रोडवरचं अरुंद ऑफिस, टेलिफोन, शहराबाहेर पत्र्याचं गोडाऊन, एक वजनकाटा आणि ऑफिसच्या दारात एक बाकडं. त्या बाकड्यावर ट्रकांचे दलाल चहा पीत बसायचे.

धंदा असा. कापड बाजारातल्या व्यापाऱ्याला साड्यांची पार्सलं जळगावला पाठवायची असतात. एका ट्रकवाल्याला जळगावकडे रिकामं जायचं नसतं. व्यापारी त्या ट्रकवाल्याला ओळखत नाही, ट्रकवाला व्यापाऱ्याला ओळखत नाही, आणि ओळख झाली तरी विश्वास ठेवण्याचं दोघांनाही काही कारण नाही. त्यांच्या मधे बसून दोघांचा अविश्वास सांभाळायचा आणि त्याचं भाडं घ्यायचं, याला ट्रान्सपोर्ट म्हणतात.

हे नव्वदच्या दशकातलं आहे. मोबाइल नव्हते. गाडी कामरेजच्या बाजूनं किंवा बारडोलीच्या रस्त्यानं एकदा बाहेर पडली की समोरच्या गावाहून फोन येईपर्यंत ती कुठे आहे हे फक्त ड्रायव्हरला ठाऊक, आणि त्यालाही नेहमी नाही.

माझे वडील पावरलूमवर कामाला. घरी अहिराणी, शाळेत मराठी, गल्लीत गुजराती आणि ऑफिसात हिंदी, असं मी शिकले. शेठनी मला घेतलं ते यासाठीच. हमाल, व्यापारी आणि ड्रायव्हर या तिघांशी बोलायला त्यांना तीन माणसं ठेवावी लागली असती. त्याऐवजी एक बाई ठेवली. शेठ मला ‘बेन’ म्हणायचे, हमाल ‘ताई’, आणि ड्रायव्हर लोक मी खोलीत नसल्यासारखं बोलायचे. पुढे पुढे तेही सुधारले, कारण कोणत्या गाडीला कोणता माल द्यायचा ते मी ठरवू लागले.

हे ठरवणं बाहेरच्यांना सोपं वाटतं. माल आहे, गाडी आहे, भरा. पण साड्यांची पार्सलं हलकी. त्यांनी गाडी ताडपत्रीपर्यंत भरते तरी वजन म्हणावं तसं होत नाही. उलट हजिऱ्याकडून येणारं लोखंड तळाशी वीतभर पसरलं की वजन संपतं आणि वरची सगळी जागा मोकळी. नुसत्या साड्या नेणारी गाडी हवा वाहते, नुसतं लोखंड नेणारीही हवाच वाहते. तेव्हा एकाच गावचं लोखंड खाली आणि कापड वर, अशी जोडी जमवायची. ती जमली की शेठ मला चहा सांगायचे. नाही जमली तर मी सांगायची.

दुसरा नियम उतरवण्याचा. जो माल सगळ्यात शेवटी उतरायचा, तो सगळ्यात आधी भरायचा, अगदी आत, ड्रायव्हरच्या केबिनला टेकून. जो वाटेत उतरायचा तो शेवटी, मागच्या फाळक्याजवळ. एवढी साधी गोष्ट, पण ती न पटणारे व्यापारी होते. एक साडीवाला दर वेळी स्वतः गोडाऊनला यायचा. गाडीत पहिलं पार्सल त्याचंच गेलं पाहिजे, तो शुकन आहे, असा त्याचा हट्ट. आम्ही पहिला मान त्याला द्यायचो. मग त्याचं पार्सल सगळ्यांच्या मागून बाहेर निघायचं, आणि तो फोनवर विचारायचा की आमच्या कंपनीचं त्याच्याशी काही वैर आहे का.

मी कागदावर काहीही ठरवलं तरी गाडी भरायचा दौलतआप्पा. आप्पा आमचा मुकादम, म्हणजे हमालांच्या टोळीचा म्होरक्या. पारोळ्याकडचा. अंगानं काटकुळा, बोलणं कमी, आणि पार्सलांच्या मधे बोटभर फट दिसली तर त्याचा जीव खालीवर व्हायचा. त्याची टोळी सगळी त्याच्याच भागातली. आप्पानं भरलेल्या गाडीतलं पार्सल रस्त्यात हलत नसे. दोरीची गाठ अशी की ओढलीत तर घट्ट होणार आणि योग्य टोकाला धरलंत तर आपोआप सुटणार. टोळीतल्या प्रत्येकानं ती गाठ शिकायचा प्रयत्न केला. आप्पा शिकवायचाही, पण त्याची दोरी आणि दुसऱ्याची दोरी यांत कुठेतरी फरक पडायचाच.

दुसऱ्या टोकाला, जळगावच्या गोडाऊनवर, निंबानाना होता. तोही मुकादम. आप्पा भरायचा, नाना उतरवायचा. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं, पण भांडण नियमित होतं. गाडी खाली झाली की सकाळी नानाचा फोन यायचा. तो माल मिळाल्याचं सांगायच्या आधी आप्पाच्या भरतीचं वर्णन करायचा. अमुक पार्सलाचा कोपरा फाटलाय, तमुक पार्सल ओलं आहे, ताडपत्री बांधणाऱ्याला घरी कोणी जेवायला घालतं की नाही. आप्पा माझ्या टेबलापाशी उभा असायचा. नाना जे बोलला त्यातलं एका बाईला सांगता येईल तेवढं मी सांगायची, बाकीचं आप्पाला रिसीव्हरमधून ऐकू यायचंच. मग आप्पा उत्तर द्यायचा आणि मी ते धुऊन पुसून पलीकडे पाठवायची. ज्या दिवशी नाना नुसतं “गाडी खाली झाली” म्हणून फोन ठेवायचा, त्या दिवशी आप्पा दुपारपर्यंत खुशीत असायचा.

यात कंपनीचा मोठा फायदा होता. जळगाव लाइनवर मालाची तक्रार सगळ्यात कमी होती. शेठना वाटायचं ते माझ्या नियोजनामुळे. मी त्यांची समजूत काढायला गेले नाही.

एका सकाळी नानानं नेहमीप्रमाणे एका फाटक्या पार्सलाचा उद्धार केला आणि फोन ठेवण्याआधी विचारलं, “ताई, या माणसाले पोर शे का?”

मला वाटलं हीसुद्धा शिवीच आहे, नवी असेल. पण आप्पाला मुलगी आहे का, हे नाना गंभीरपणे विचारत होता. त्याचा मुलगा त्याच्याच गोडाऊनवर कामाला, लग्नाचा झाला होता. नानाचं म्हणणं असं की इतकी वर्षं तो आप्पाच्या गाड्या उघडतोय. जो माणूस परक्याचा माल असा जपून भरतो, त्याच्या घरची मुलगी कशी असेल हे बघायला जायची गरज नाही. मी म्हटलं, तुम्ही तर रोज त्याला शिव्या देता. नाना म्हणाला, बाकीच्या गावांहून येणाऱ्या गाड्यांबद्दल तो बोलतच नाही. बोलण्यासारखं त्यांत काही नसतं.

आप्पाला मी हे सांगितलं तेव्हा त्यानं हातातली दोरी खाली ठेवली. मी त्याला कामाच्या वेळी दोरी खाली ठेवताना प्रथमच पाहत होते.

मुलगी सुनंदा. सुरतेतच, उधन्यात वाढलेली, तोंडानं फटकळ, आप्पाच्या अगदी उलट. बोलणी झाली, पसंती झाली, आणि आखाजीनंतरची, म्हणजे अक्षय तृतीयेनंतरची तारीख ठरली. लग्न आप्पाच्या गावी, पारोळ्याच्या पुढे हायवेपासून थोडं आत. आमच्याकडे आखाजीला सगळी लाइनच मंदावते, कारण टोळ्याच्या टोळ्या गावी जातात. पण ही टोळी कामावरूनच लग्नाला जाणार होती, म्हणजे आमच्याच जळगावच्या गाडीवर बसून. त्याच गाडीत आंदण न्यायचं असं आप्पानं ठरवलं. आरशाचं कपाट, पलंग, भांड्यांची पेटी, शिलाई मशीन. मी शेठना विचारलं. त्यांनी मान वर न करता सांगितलं, “जग्या होय तो मूकी देजो, बेन.”

जागा असेल तर ठेव म्हणाले, आणि जागा करणं हे माझं काम. मी नीट आखलं. जळगावचं लोखंड तळाला, त्यावर जळगावचीच साड्यांची पार्सलं, आणि आंदण शेवटी, फाळक्याजवळ. गाडी गावात वळेल, फाळका खाली पडेल, टोळीतले चौघे कपाट उतरवतील, आणि गाडी बाकीचा माल घेऊन जळगावला निघून जाईल. रीतसर बिल्टी, म्हणजे मालाची पावती, तीही केली. आप्पानं सगळं ऐकलं आणि होकार दिला. मी निमंत्रित होते, म्हणून आदल्या दिवशीच पॅसेंजरनं अमळनेरला आणि तिथून जीपनं गावी गेले.

सकाळी मांडवात वऱ्हाड आधी पोहोचलं. वऱ्हाड म्हणजे निंबानानाचं गोडाऊनच, चांगले कपडे घालून. नाना मी कल्पना केली होती त्यापेक्षा बराच बुटका निघाला. फोनवर तो सहा फूट वाटायचा.

थोड्या वेळानं गाडी आली. वर टोळी बसलेली, पुढे झेंडूच्या माळा, हॉर्न एकसारखा. आप्पा केबिनमधून नवरी मुलीच्या बापाच्या ऐटीत उतरला. मांडवातले बाकीचे पाहुणे माळांकडे बघत होते. वऱ्हाड दोरीकडे बघत होतं. दोघेतिघे उठून जवळ गेले आणि एकानं ताडपत्रीच्या काठावरून हात फिरवला, साडीचा पोत बघतात तसा. आप्पाची मान ताठ झाली.

टोळीनं फाळका सोडला. आत साड्यांची पार्सलं. तळाच्या लोखंडापासून वरपर्यंत, एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत, भिंत बांधावी तशी. कपाट नाही, पलंग नाही, मशीन नाही.

मी आप्पाजवळ गेले आणि हळूच विचारलं, आंदण कुठे आहे.

“केबिनले लागीसन,” आप्पा म्हणाला. “तठे धक्का कमी बसस.”

मग मला सगळं उमगलं. सुनंदाला टोळीतल्या प्रत्येकानं खांद्यावर खेळवलेलं. तिचं कपाट भरायला आलं तेव्हा जो तो म्हणाला की आरशाला धक्का लागता कामा नये, आणि गाडीत सगळ्यात सुरक्षित जागा कोणती हे हमालाला विचारावं लागत नाही. सगळ्यात आत. मागे फाळक्याजवळ माल उसळतो, तिथे लेकीचा आरसा कोण ठेवेल? म्हणून कपाट आधी गेलं आणि त्याच्यापुढे जळगावचा सगळा बाजार रचला गेला. हा नियम आप्पानं आयुष्यभर नव्या पोरांना ओरडून शिकवला होता. त्या दिवशी तो मुकादम नव्हता, आणि टोळीत दुसरा मुकादम नव्हता.

कपाट काढायचं तर गाडी रिकामी करायला हवी. परक्याच्या कोऱ्या साड्या मांडवापुढच्या धुळीत टाकायच्या, मग पुन्हा भरायच्या. आणि तेही कोणासमोर?

तिकडे माइकवाल्याच्या हातात आंदणाची यादी होती आणि तो घसा साफ करत होता. आप्पाची बायको मला खुणेनं विचारत होती की कपाट कुठे. वरपक्षाच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या होत्या. मी आप्पाला म्हटलं, लोक काय, बोलतील आणि जेवतील. आंदण संध्याकाळी दाखवू.

“कपाटाचं नाही, ताई,” आप्पा म्हणाला. “त्या माणसानं भरती बघून पोर मागितली. आता तो भरती बघंल.”

नाना बघतच होता. तो खुर्चीवरून उठला, धोतर सावरत गाडीपाशी आला आणि पार्सलांच्या भिंतीला त्यानं तळहातानं रेटा दिला. भिंत हलली नाही. वाकून तळाचं लोखंड पाहिलं. मग माझ्याकडे वळून, तुम्हीच का त्या फोनवरच्या ताई, असं विचारलं. मी हो म्हटलं. मी गोरी असेन असं त्याला वाटलं होतं, हेही त्यानं सांगून टाकलं.

मग आप्पाला म्हणाला, “आंदण कोना घर जाई ऱ्हायनं?”

आप्पाला प्रश्नच कळेना. “तुमना घर.”

“मना घर कोठे शे?”

“जळगावले.”

“मंग? शेवटला माल पहिले. बरोबर भरेल शे.”

एवढं बोलून तो माइकवाल्याकडे गेला आणि म्हणाला, वाच. माइकवाल्यानं विचारलं, वस्तू कुठे आहेत? नानानं गाडीकडे बोट दाखवलं. मग माइकवाल्यानं गाडीकडे तोंड करून सगळी यादी वाचली. मामाकडून कपाट, काकांकडून पलंग, टोळीकडून शिलाई मशीन. पाहुणे प्रत्येक वस्तूला ताडपत्रीकडे बघून माना डोलावत होते. नवरदेवाची एक आत्या प्रत्यक्ष बघायचा आग्रह धरून बसली. नाना तिला म्हणाला, ज्यांना बघायचंय त्यांनी जळगावला गाडी खाली करायला यावं, दोन हात कमीच आहेत. फाळका लागला, अक्षता पडल्या, आणि जेवणं झाल्यावर गाडी जळगावला रवाना झाली.

माझ्या नियोजनाच्या हिशेबानं भरती चुकलीच होती. पण त्या मांडवात ते बोलून दाखवण्याइतकी मी हुशार नव्हते, किंवा होते म्हणूनच गप्प राहिले.

पुढचं जे झालं ते आखायला कोणत्याच कंपनीला जमलं नसतं. लग्नानंतर जळगावची पहिली गाडी गेली आणि सकाळी नानाचा फोन आला. माल उत्तम आला, व्याह्यांना नमस्कार सांगा. मी आप्पाला सांगितलं. आप्पा खूश झाला. पुढच्या गाडीलाही माल उत्तम. त्याच्या पुढच्यालाही. आप्पा माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहायचा, विचारायचा, अजून काय म्हणाला? मी म्हणायची, नमस्कार म्हणाला.

काही आठवड्यांनी आप्पाला शंका यायला लागली. एका गाडीची ताडपत्री टोळीनं घाईत बांधली होती आणि ते त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, पण गाडी सुटण्याच्या वेळी बोलला नव्हता. त्या गाडीचाही माल उत्तम आला. मग मी नानाला फोनवर सरळ विचारलं. नाना आवाज खाली आणून म्हणाला, “आता कसं बोलू, ताई? त्यांची लेक आमच्या घरी शे.”

म्हणजे एका सोयरिकीनं आमच्या जळगाव लाइनची तपासणी बंद पडली. शेठनी तक्रार नाही म्हणून टोळीला पेढे वाटले. “भरती सुधरी गई,” असं म्हणाले. आप्पानं पेढा हातात धरला आणि खाल्ला नाही. टोळीही हळूहळू सैलावली. इकडचा मुकादम रागावत नाही आणि पलीकडचा शिव्या देत नाही म्हटल्यावर दोरी कोण दोनदा ओढणार? पावसाळ्यात तर जळगावचे व्यापारी थेट मला फोन करू लागले. पार्सलं ओली, कोपरे फाटलेले. मी ते आप्पाला सांगायची, पण माझ्या सांगण्याचा त्याच्यावर परिणाम व्हायचा नाही. मी ऑफिसची. माझं बोलणं म्हणजे भाड्याचं बोलणं. त्याच्या कामाला त्याच्या तोडीच्या माणसानं नावं ठेवायला हवी होती, आणि तो माणूस आता नमस्कार पाठवत होता.

एकदा आप्पानं स्वतः रिसीव्हर घेतला. आपलं चुकतंय का, एवढंच विचारलं. पलीकडून काय उत्तर आलं ते त्याच्या तोंडावरूनच कळलं. रिसीव्हर ठेवून तो म्हणाला, “खोटं बोलतो माणूस. चांगला माणूस आहे, पण खोटं बोलतो.” त्या पावसाळ्यात आप्पा म्हातारा दिसायला लागला. गावी परत जायचं बोलायला लागला. मी मनात दुसऱ्या मुकादमांची नावं काढून ठेवली होती. हे सांगायला बरं वाटत नाही, पण गाड्या रोज भरायच्या असतात.

मग एका सकाळी जळगावच्या गोडाऊनहून फोन आला आणि पलीकडून बाईचा आवाज आला. सुनंदा. नवऱ्याचा डबा घेऊन ती गोडाऊनवर येत असे, तशी आली होती, आणि नाना बाहेर गेल्याचं बघून तिनं फोन लावला होता. मला म्हणाली, ताई, आप्पाला द्या. मी दिला. तिचा आवाज रिसीव्हरमधून माझ्या टेबलापर्यंत येत होता, बापासारखी हळू बोलणारी ती नव्हतीच.

“आप्पा, कालना ट्रकनी ताडपत्री कोनी बांधी? त्याले डोया शेतस का नहीत?”



बांधणाऱ्याला डोळे आहेत की नाहीत, एवढ्यावर ती थांबली नाही. सात-आठ पार्सलं भिजलीत. दोरी मधेच सैल होती. दर गाडीला हेच चाललंय, आणि सासरे रात्री घरी येऊन गप्प बसतात, बाकीचे हमाल तिच्यासमोर तोंड वळवून हसतात. माहेरच्या भरतीवर तिला टोमणे ऐकायला लागतात, ते बापाला ठाऊक आहे का? मग ती जरा थांबली आणि म्हणाली, कपाटाचा आरसासुद्धा त्याच दिवशी फुटला होता. धक्क्यानं नाही, वरच्या पार्सलांच्या दाबानं. सासऱ्यांनी कोणालाही न सांगता नवा बसवून घेतला.

माझ्या मनात आलं, आता हा माणूस कोसळणार. मी खुर्ची पुढे सरकवली.

आप्पानं ती पायानंच जवळ ओढली, ऐसपैस बसला आणि रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

“आनखी सांग,” तो म्हणाला.